रुमालात बांधलेलं राज्य

जबलपूर १७८१ मध्ये सागरच्या मराठी सुभ्याखाली आलं. १७९८ मध्ये पेशव्यांनी नर्मदेचं हे खोरं नागपूरकर भोसल्यांना दिलं आणि १९ डिसेंबर १८१७ च्या लढाईनंतर इंग्रजांनी शहर घेतलं. छत्तीस वर्षांची ही मराठी राजवट, आणि तिचं मूळ शोधायला निघालं की वाट सागरहून थेट पुण्याच्या सदाशिव पेठेत, भारत इतिहास संशोधक मंडळाच्या दारात जाते.

सागरच्या कारभाराचा पाया घातला गोविंदपंत खेरांनी. रत्नागिरीकडच्या नेवऱ्याचे हे गृहस्थ बुंदेलखंडात इतके रुजले की लोक त्यांना बुंदेलेच म्हणू लागले. १७६० साली सदाशिवरावभाऊ उत्तरेत असताना त्यांच्याकडून गोविंदपंतांना पत्रामागून पत्र जात होतं: पैसा पाठवा, अब्दालीची रसद तोडा, उशीर करू नका. त्याच वर्षी डिसेंबरात गोविंदपंत या कामगिरीवरच मारले गेले आणि महिन्याभरात पानिपत झालं. ही पत्रं १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या पहिल्या खंडात छापून आली. संपादक होते विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. तोवर पानिपत समजून घ्यायचं तर भिस्त होती बखरींवर आणि ग्रँट डफच्या इतिहासावर. आता खुद्द लढणाऱ्यांचा दर आठवड्याचा हिशेब, राग आणि काळजी समोर आली.

राजवाड्यांना हे कागद सरकारी दप्तरात मिळाले नाहीत. १८१८ नंतर पेशव्यांचं दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि अभ्यासकांना ते पुढची शंभर वर्षं जवळजवळ बंद राहिलं. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसायांनी त्यातून निवडलेले ४५ खंड निघाले ते १९३० पासून पुढे. मात्र मराठी राज्यात चिटणीस, फडणीस, वकील ही पदं पिढीजात चालत आणि कामाचे कागद ज्याच्या त्याच्या वाड्यात राहत. नाना फडणिसांचं दप्तर वाईजवळ मेणवलीत होतं, पटवर्धनांचं मिरजेकडे. म्हणून सरकारी कुलूप न उघडताही इतिहास सापडण्याची सोय होती. मिरजेच्या शाळेत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनी कागदांतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ उभा केला, दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी मेणवलीचं दप्तर मिळवलं. राजवाडे गावोगाव हिंडले. माळे, पोटमाळे, देवघरं, जिथे जिथे लाल फडक्यात, म्हणजे रुमालात, बांधलेले कागद पडून होते तिथे ते पोचले. मालकाचं मन वळवावं, कागद वाचावेत, नकला कराव्यात, हा त्यांचा आयुष्यभराचा उद्योग. त्यातून २२ खंड निघाले. ७ जुलै १९१० रोजी सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासह त्यांनी मंडळ स्थापलं ते या कामाला कायमचं छप्पर मिळावं म्हणून. मंडळाशी पुढे त्यांचं पटलं नाही, ते धुळ्याला गेले आणि १९२६ च्या शेवटच्या दिवशी तिथेच वारले. छप्पर मात्र टिकलं. दत्तो वामन पोतदारांनी संस्था चालवली, ग. ह. खरे यांनी मोडीच्या जोडीला फारसी कागद लावले, आणि आज तिथे सुमारे १५ लाख कागद आहेत.

याच्या शेजारी अमेरिकेतली एक हकीकत ठेवून पाहण्यासारखी आहे. १८१५ च्या सुमारास विल्यम स्प्रेग नावाचा तरुण जॉर्ज वॉशिंग्टनच्या भाच्याच्या घरी शिकवणीला राहिला. त्याला जुनी पत्रं जमवायचा नाद. वॉशिंग्टनचे वारस बुशरॉड यांनी त्याला परवानगी दिली, हवी ती मूळ पत्रं घेऊन जा, फक्त त्यांच्या जागी नकला ठेव. त्यानं सुमारे दीड हजार पत्रं नेली. तिथे अध्यक्षांच्या सह्या जमवण्याचा छंद पुढे मोठा बाजार झाला. एकूण एक अध्यक्षाची सही संग्रहात असावी ही हौस, आणि अडतं नेहमी विल्यम हेन्री हॅरिसनपाशी. १८४१ साली तो पदावर आला आणि महिन्याभरात वारला, त्यामुळे अध्यक्ष म्हणून त्यानं सही केलेले कागद अगदी थोडे.

स्प्रेगनं मूळ नेलं आणि नक्कल ठेवली. राजवाडे बहुतेक ठिकाणी नक्कल घेऊन निघाले. माझ्या मते या दोन रीतींत फार मोठं अंतर आहे, आणि ते एकाच्या लोभाचं किंवा दुसऱ्याच्या त्यागाचं नाही. सही गोळा करणाऱ्याला एक पान पुरतं. इतिहास लावणाऱ्याला त्या पानाच्या मागचं आणि पुढचं पानही लागतं.

मराठी पत्रात तर खाली नाव लिहून सही करायची रीतच नव्हती. मजकूर कारकुनाचा, मोडीत, बोरूनं लिहिलेला. पाठवणाऱ्याचं नाव मायन्यातच येऊन जाई. राजपत्राच्या माथ्याशी शिक्का आणि शेवटी मोर्तब, म्हणजे मजकूर इथे संपला, यापुढे कोणी शब्द घुसवू नये याची खूण. पेशव्यांच्या मोर्तबावर ‘लेखन सीमा’ अशी अक्षरं असत. धनी शेवटची ओळ कधी स्वतःच्या हातानं लिही, आणि जाणकार ते वळण ओळखतात. मागच्या बाजूला ‘सुरू सूद’सारखे शेरे असतात, पत्राची दप्तरात नोंद झाल्याचे. खरा कागद कोणता हे या सगळ्यावरून ठरतं.

अमेरिकेतही शेवटी हाच प्रश्न येतो. १८३३ च्या कायद्यानं जमिनीच्या सनदांवर अध्यक्षाच्या नावानं चिटणिसाला सही करायची मुभा मिळाली, त्यामुळे त्यानंतरच्या सनदेवरची ‘अँड्र्यू जॅक्सन’ ही अक्षरं जॅक्सनची नव्हेत. केनेडींच्या नावानं चिटणीस सह्या करत आणि सही करणारं यंत्रही होतं. तिथलेही तज्ज्ञ मग एका सहीवर विसंबत नाहीत, त्याच काळातले दुसरे कागद शेजारी ठेवूनच निवाडा करतात.

मंडळातल्या अभ्यासकाचा बहुतेक वेळ तारखेत जातो. पत्रावर चांद्र तिथी असते, हिजरी महिना असतो, आणि वर्ष पुष्कळदा नसतंच. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊक होतं. मग त्याच गाठोड्यातल्या दुसऱ्या पत्रातला एखादा मुक्काम, एखादं लग्न, नदीला आलेला पूर यांच्या आधारानं वर्ष बसवावं लागतं. एका वर्षाची चूक झाली तर सेनापती मेल्यानंतर हुकूम देताना दिसतो. असं गाठोडं फोडून त्यातलं देखणं शिक्क्याचं पत्र बाहेर काढलं की मागे राहिलेल्या साध्या पत्रांची वर्षं कायमची हरवतात. चौकटीत लावलेल्या पत्राचं वर्षसुद्धा मग कोणी खात्रीनं सांगू शकत नाही.

१९७२ चा पुरावस्तू कायदा ७५ वर्षांहून जुन्या ऐतिहासिक हस्तलिखितांना देशाबाहेर जाण्यापासून राखतो. देशातल्या देशात गाठोडी फुटण्यापासून मात्र तो राखू शकत नाही. ते त्या त्या घराच्या हाती आहे. सागर, दमोह, जबलपूर, मंडला या पट्ट्यातल्या ज्या मराठी घरांत असे रुमाल असतील त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. रुमाल सोडला तर वरून कागद ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं त्यांचे फोटो काढा, कोऱ्या दिसणाऱ्या मागच्या बाजूचेही. जोड सुटलेले असतील तर चिकटपट्टी लावू नका. बाजारहिशेबाचे आणि उधारीचे कागद निरुपयोगी समजून वेगळे करू नका, वर्ष पुष्कळदा त्यांच्यावरच असतं. मग पुन्हा तसाच बांधा, आणि मोडी वाचणाऱ्याला दाखवायचा तर पूर्ण रुमाल दाखवा.