चित्र एक, नजरा सात

हद्दपारीतून सुटलेला एक कृश मनुष्य अवचित घरात पाऊल टाकतो, खुर्चीतली वृद्ध आई उठून उभी राहते आणि मेजाभोवतीची मुले त्याच्याकडे पाहतच राहतात, असा प्रसंग इल्या रेपिन या रशियन चित्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगविला. मॉस्कोचे शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी याच चित्राची प्रतिकृती एका माणसापुढे सात वेळा, प्रत्येक वेळी तीन मिनिटे ठेवली आणि त्याच्या बुबुळाच्या हालचालींची नोंद घेतली. डोळ्यावर चूषणाने बसणाऱ्या इवल्याशा टोपीवर आरसा होता, आणि त्यावरून परावर्तित होणारा किरण प्रकाशसंवेदी कागदावर नजरेची वाट रेखीत जाई.

पहिल्या खेपेस त्या माणसाला काहीच सांगितलेले नव्हते. पुढे मात्र दरवेळी निराळा प्रश्न घातला गेला. माणसांची वये विचारताच नजर चेहऱ्याचेहऱ्यांवर खिळली. घराची सांपत्तिक स्थिती विचारताच ती वस्त्रांवर आणि सामानावर फिरू लागली. चित्र तेच, डोळाही तोच, आणि तरीही सात रेखाटने सात तऱ्हांची!

याचे कारण नेत्राच्या रचनेत आहे. दृष्टिपटलावरील पीतबिंदूच्या मध्यावर जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीचा एक खळगा असतो आणि सूक्ष्म तपशील टिपण्याचे सामर्थ्य मुख्यतः तेथेच एकवटलेले असल्यामुळे, हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढाच टापू आपणास एका वेळी लख्ख दिसतो. म्हणून डोळा सेकंदाला सुमारे तीन उड्या मारीत विश्व तुकड्यातुकड्याने गोळा करतो, आणि पुढची उडी कोठे घ्यावयाची याचा निवाडा बव्हंशी मनातला प्रश्न करतो.

आपल्या भाषेने हे फार पूर्वीच ओळखले असावे, असे मला वाटते. न्याहाळणे, निरखणे, टेहळणे, डोकावणे, आणि सरकारी दप्तरातील पाहणी व पंचनामा, या प्रत्येक शब्दात पाहणाराचा हेतू सामावलेला आहे. टेहळ्या शत्रूची चाहूल शोधतो. नजरअंदाज आणेवारीसाठी बांधावर उभा राहिलेला तलाठी हिरव्या शेतात पिकाचा उतारा शोधतो.

टक लावून पाहणेही शब्दशः शक्य नाही. प्रतिमा डोळ्याबरोबरच सरकेल अशी योजना यार्बुस यांनी केली, तेव्हा काही सेकंदांतच ती विरून गेली आणि उरले केवळ रिकामे क्षेत्र. एका जागी स्थिरावलेली नजरही अतिसूक्ष्म कंप पावत असते, म्हणूनच समोरची वस्तू दिसत राहते.

दोन बिंदूंमधल्या उडीच्या क्षणी मात्र मेंदू दृष्टीची जाणीव दाबून ठेवतो. वाचकांनी आरशासमोर उभे राहून आपल्या डाव्या डोळ्यावरून उजव्या डोळ्यावर नजर न्यावी, आणि त्याच वेळी शेजारच्या माणसाला आपल्या डोळ्यांकडे लक्ष ठेवण्यास सांगावे. बुबुळे हललेली त्याला स्पष्ट दिसतील, आपणास दिसणार नाहीत.