पावसाळ्यात पुळण जाते कुठे?

मे महिन्यात ऐसपैस पसरलेली कोकणातली पुळण जुलैत ओळखू येत नाही. वाळू खरवडून निघालेली असते, सुरूच्या बनापाशी उभी कड पडलेली असते आणि एरवी कधी न दिसणारे काळे दगड उघडे पडलेले असतात. समुद्राने किनारा खाल्ला, असे गावात म्हणतात. पण दिवाळीनंतर बरीचशी वाळू पुन्हा जागेवर येऊ लागते. मग मधल्या काळात ती असते कुठे?

नैर्ऋत्य मोसमी वारा अरबी समुद्रावरून विनाअडथळा शेकडो किलोमीटर वाहत येतो. वाऱ्याचा जोर किती, तो किती वेळ आणि किती अंतरावर वाहिला, यावर लाटेची उंची ठरते. उंची दुप्पट झाली की लाटेतली ऊर्जा चौपट होते. अशा उंच, एकामागोमाग आदळणाऱ्या लाटांचे पाणी माघारी जाताना वाळू ओढून नेते आणि किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा लांबट बांध रचते. पुढच्या मोठ्या लाटा या बांधावरच फुटतात, त्यांचा जोर तिथेच सरतो. म्हणजे पुळणीतून गेलेली वाळूच पुळणीचे रक्षण करत असते. पाऊस संपला की दूरवरून, अगदी दक्षिण हिंदी महासागरातूनही, लांब आणि ठेंगण्या लाटा येत राहतात आणि ती वाळू हळूहळू वर ढकलतात.

खडकांशी समुद्र वेगळा वागतो. उथळ पाण्यात लाटेचा वेग कमी होतो. भूशिरासमोर तळ आधी उथळ होत असल्याने लाटेचा तो भाग मागे रेंगाळतो, दोन्ही बाजूंचा भाग पुढे सरकतो आणि लाट वळून भूशिरावर एकवटते. शेजारच्या उपसागरात तिचा जोर विखुरतो, म्हणून तिथे वाळू साठते. दोन डोंगरांच्या सोंडा आणि मध्ये पुळण, ही कोकणची ओळख अशीच टिकून आहे.

हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर ओहोटीच्या वेळी खाली उतरून खडक अगदी जवळून पाहावा. समुद्राने कातलेल्या सपाट ओट्याच्या मागच्या कड्यावर एकाला एक लागून खळगे आहेत, मधल्या भिंती काही ठिकाणी बोटभरही जाड नाहीत. हे काम एकट्या लाटेचे नाही. खारे तुषार खडकाच्या बारीक छिद्रांत शिरतात, ऊन-वाऱ्याने पाणी सुकते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि खडकाचा कण न् कण आतून सुटा करतात. सुटलेले कण वारा आणि पाणी घेऊन जातात.

कोरड्या पुळणीवर मात्र वाऱ्याचेच राज्य असते. राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने लिबियाच्या वाळवंटात आणि प्रयोगशाळेत वाळूचा अभ्यास केला आणि 1941 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. वाळूचा कण उडत जात नाही, तो टप्पे घेत जातो. खाली पडताना दुसऱ्या कणांना उडवतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर वाहून जाणारी वाळू साधारण आठपट होते, असे त्याचे गणित सांगते. कोकणात दुपारच्या खाऱ्या वाऱ्याबरोबर निघालेले हे कण मर्यादवेलीत अडकतात. आपट्यासारखी दुभंगलेली पाने आणि जांभळी फुले असलेली ही वेल पेरापेरांशी मुळे सोडते. वाळूखाली गाडली गेली तरी ती पुन्हा वर येते आणि तिच्याभोवती टेकडी चढत जाते. पुढच्या उधाणात लाटा याच टेकडीतून वाळू उचलून तो पाण्याखालचा बांध रचणार असतात.

म्हणूनच टेकडी सपाट करून, मर्यादवेल उपटून तिथे भिंत बांधणे मला घातक वाटते. एखादी वस्ती वाचवायला दगडी बंधारा लागतो, हे खरे. कर्ली खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबागच्या लोकांची धास्ती खोटी नाही. पण भिंतीवर आपटून लाट माघारी फिरते तेव्हा पायथ्याची वाळू उकरते, आणि भिंत संपते तिथल्या शेजाऱ्याची धूप वाढते. भिंतीमागे अडकलेली वाळू समुद्राला मिळत नाही, त्यामुळे बांध कमजोर राहतो. भरतीरेषेच्या वर वाऱ्याने रचलेला कोरडा पट्टाही हळूहळू नाहीसा होतो. वेळास आणि आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवाची मादी अंडी घालायला येते, ती अशाच पट्ट्यावर खड्डा करते. त्याखालच्या ओल्या, भरती पोचणाऱ्या वाळूत अंडी वाचत नाहीत.