राखणदार कुत्र्याचा सांधेविकार व त्याची शुश्रूषा

शेतकऱ्याच्या पशुधनाची मोजदाद करितांना आपण बैल, गाय, म्हैस, शेळी व कोंबडी यांपर्यंत येऊन थांबतों. कुत्र्याची गणना कोणी करीत नाहीं. वस्तुतः मळ्यांत एकाकी राहणाऱ्या कुटुंबास रात्रीं निर्धास्त झोंप लागते ती त्याच्याच जोरावर. रानडुकरें उभ्या भुईमुगांत शिरलीं, विहिरीवरील मोटारीची केबल तोडण्यास कोणी आला, अथवा उसांतून बिबट्या गोठ्याकडे सरकूं लागला, तर पहिली वर्दी देणारा तोच. असें जनावर एके दिवशीं सकाळीं उठेनासें झालें म्हणजे घरांत तर्क सुरू होतात. कोणी म्हणतो म्हातारें झालें, कोणी म्हणतो वारें गेलें, कोणी म्हणतो कोणीतरी काठी घातली. चार दिवस वाट पाहून त्यास रानांत सोडून देतात, किंवा भाकरींतून विष घालून मोकळे होतात. परंतु यांपैकीं कांहीं कुत्रीं म्हातारीं झालेलीं नसतात व त्यांस कोणीं मारलेलेंही नसतें. त्यांस जडलेला विकार ओळखतां येतो आणि बहुधा आटोक्यांतही आणतां येतो. हा विकार कोणता, आणि त्यांत घरच्या माणसांनीं काय करावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

रोगाचें स्वरूप

प्रत्येक प्राण्याच्या शरीरांत बाहेरून शिरणाऱ्या जंतूंशीं झुंजणारी संरक्षणाची योजना असते. रक्तांतील पांढऱ्या पेशी व प्रतिद्रव्यें हीं तिचीं मुख्य शस्त्रें होत. कधीं कधीं या योजनेची ओळख चुकते व ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. जागल्यानें चोर सोडून धन्यावरच काठी उगारावी, तसा हा प्रकार आहे. प्रतिद्रव्यांचे पुंजके सांध्यांच्या आंतील नाजूक अस्तरांत अडकून बसतात. त्यांच्या मागोमाग पांढऱ्या पेशींची गर्दी होते. आणि सांधा सुजतो, तापतो व दुखतो. एकाच वेळीं अनेक सांधे धरले जात असल्यामुळें पशुवैद्य यास ‘इम्यून मीडिएटेड पॉलिआर्थ्रायटिस’ असें म्हणतात. आपण त्यास प्रतिकारजन्य बहुसांधेदाह म्हणूं.

याचे दोन मुख्य भेद आहेत. एकांत सांध्याचें हाड झिजत नाहीं. हा भेद अधिक आढळतो व औषधास चांगली दाद देतो. दुसऱ्यांत माणसाच्या आमवाताप्रमाणें हाडाचे कांठ कुरतडले जातात व सांधा वांकडा होतो. हा भेद विरळा, पण कठीण आहे. पहिल्या भेदांतही पुष्कळदां मूळ कारण सांपडत नाहीं. कित्येकदां मात्र शरीरांत अन्यत्र दडलेला संसर्ग, आंतड्याचा जुनाट रोग किंवा गांठ हें कारण निघतें. कांहीं कुत्र्यांस सल्फा जातीच्या औषधांमुळेंही असा विकार होतो. म्हणून पूर्वीं कोणतें औषध दिलें होतें, तें पशुवैद्यास अवश्य सांगावें.

लक्षणें

हा विकार बहुधा ऐन उमेदींतील जनावरास होतो. पहिली खूण ताप. निरोगी कुत्र्याचें तापमान सुमारें १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतें, म्हणून आपला हात त्याच्या अंगास लागला असतां तें नेहमींच गरम भासतें. नाक कोरडें कीं ओलें, यावरून निदान करणें व्यर्थ होय. साधा थर्मामीटर तेल लावून गुदद्वारांत हलकेच सरकवून पाहावा. पारा अथवा आंकडा १०३ च्या वर असेल तर ताप समजावा.

दुसरी खूण चालीची. आज पुढचा उजवा पाय, परवां मागचा डावा, असें लंगडणें पाय बदलीत फिरतें. किंवा चारही पाय धरल्यामुळें कुत्रा तापलेल्या वाळूवरून चालल्याप्रमाणें आंखडत पावलें टाकतो. पुढच्या पायाचें मनगट व मागच्या पायाचा घोटा हे सांधे प्रथम सुजतात. मान वळवितांना तो कण्हतो, अन्न टाकतो, आणि एरवीं मायाळू असलेला कुत्रा हात लावतांच गुरगुरतो. कित्येक वेळां सूज दिसतच नाहीं. केवळ ताप आणि मलूलपणा एवढेंच असतें.

वृद्ध कुत्र्याच्या झिजेच्या सांधेदुखींत सहसा ताप नसतो, व सकाळचा ताठरपणा थोडें चालल्यावर मोकळा होतो. कांटा मोडला असेल तर एकच पाय धरलेला असतो. म्हणून प्रथम पंजे, नखें व बोटांच्या बेचक्या नीट पाहून घ्याव्या.

परीक्षा कशी करितात

खरी खात्री सांध्यांतील पाण्यानें होते. निरोगी सांध्यांतील द्रव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट व स्वच्छ असतो. दोन बोटांत धरला तर त्याची तार निघते. गाडीच्या आंसास वंगण, तसा सांध्यास हा द्रव. या रोगांत तो पातळ व गढूळ होतो, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं पांढऱ्या पेशींची दाटी दिसते. पशुवैद्य कुत्र्यास गुंगी देऊन बारीक सुईनें अनेक सांध्यांतून थेंब थेंब द्रव काढतात. सांध्यांत सुई घालणें म्हणजे कुत्रा कायमचा अधू होणें, ही समजूत खरी नाहीं.

त्याबरोबर रक्ताची परीक्षा हवी, आणि तिचें आपल्या भागांतील मुख्य कारण गोचीड हें होय. कुत्र्याच्या अंगावरील तपकिरी गोचिडामुळें एर्लिकिया नांवाच्या जंतूचा ताप येतो; त्यांतही सांधे दुखतात व कुत्रा लंगडतो. त्यावर डॉक्सिसायक्लिन हें निराळें औषध आहे व तें सामान्यतः चार आठवडे द्यावें लागतें. याउलट प्रतिकारजन्य विकाराचें औषध शरीराची संरक्षणशक्ति मुद्दाम दाबणारें असतें. जंतूंचा ताप असतां तेंच एकटें दिलें तर शत्रूस दार उघडून दिल्यासारखें होईल. यासाठीं अगोदर परीक्षा व मग औषध, हा क्रम सोडूं नये. तालुक्याच्या दवाखान्यांत ही सोय नसेल, तर जिल्ह्याच्या पशुसर्वचिकित्सालयांत चौकशी करावी. इ. स. १८८६ मध्यें स्थापन झालेलें मुंबईचें परळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय, तसेंच नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथील महाविद्यालयें यांस जोडून जनावरांचे दवाखाने आहेत.

औषधोपचार

इ. स. १९४८ मध्यें अमेरिकेंतील डॉ. हेंच यांनीं आमवातानें अंथरुणास खिळलेल्या एका बाईस कॉर्टिझोन टोंचलें व ती थोड्याच दिवसांत चालूं लागली. या संशोधनास १९५० चें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच कुळांतील प्रेडनिसोलोन हें आज कुत्र्याच्या या विकारावरील मुख्य औषध आहे, आणि तें महाग नाहीं. त्याचें प्रमाण वजनावर व रोगाच्या जोरावर ठरतें. म्हणून तें येथें मुद्दाम दिलें नाहीं. एकट्या त्यानें भागलें नाहीं, तर अझाथायोप्रिन, सायक्लोस्पोरिन यांसारखीं औषधें जोडीस देतात. तीं चालूं असतां यकृत व रक्त यांची तपासणी वेळोवेळीं करावी लागते.

बहुतेक कुत्रीं कांहीं दिवसांतच उठून चालूं लागतात, आणि खरा धोका येथेंच आहे. आमच्या तालुक्यांतील एका वस्तीवरचा कुत्रा आठव्या दिवशीं बांधावर धांवूं लागला. तिसऱ्या आठवड्यांत धन्यानें ‘आतां बरा झाला’ म्हणून गोळ्या एकदम बंद केल्या. थोड्याच दिवसांत तो पुन्हां आडवा झाला, आणि पहिल्या खेपेपेक्षां अधिक दिवस औषध घ्यावें लागलें. हें औषध कित्येक महिने, टप्प्याटप्प्यानें, पशुवैद्याच्या सांगण्यावरून कमी करीत न्यावयाचें असतें. तें बाहेरून मिळत असतां शरीर स्वतःचें तसलें द्रव्य तयार करणें थांबवितें. म्हणून अवचित बंद केल्यास रोग उलटतो इतकेंच नव्हे, तर जनावर गळून मरण्याचाही संभव असतो. कांहीं कुत्र्यांस थोडी मात्रा जन्मभर लागते, हेंही आधींच मनांत धरावें.

औषधाचे त्रासही ओळखून असावे. तहान, लघवी व भूक फार वाढतात, धाप लागते, मांड्यांचें मांस झडतें, साध्या जखमा चिघळतात. हे त्रास मात्रा उतरेल तसे बहुधा कमी होतात. मात्र शौच डांबरासारखें काळें झालें किंवा उलटींत रक्त दिसलें, तर पोटांत व्रण झाला असें समजून त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या घरांत असतातच. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशी गोळी कुत्र्यास केव्हांही देऊं नये. तिनें जठर व मूत्रपिंड यांस इजा होते, आणि प्रेडनिसोलोन चालूं असतां तर ती घातकच ठरते. ज्या डायक्लोफेनॅकनें मेलेल्या गुरांच्या मांसावाटें आपलीं गिधाडें नाहींशीं केलीं, व ज्याचा जनावरांसाठींचा उपयोग भारत सरकारनें २००६ मध्यें बंद केला, तेंच हें औषध होय. तसेंच सुजलेल्या सांध्यावर बिब्बा घालणें अथवा तापल्या लोखंडाचा डाग देणें हे उपाय सर्वस्वीं टाळावे. रोग रक्तांत आहे. कातडी जाळून तो निघत नाहीं, आणि अशा कुत्र्याची जखम लवकर भरतही नाहीं.

घरची शुश्रूषा

अंथरूण: उघड्या फरशीवर व शेणाच्या ओल्या जमिनीवर कुत्र्यास निजवूं नये. गोणपाटांत पेंढा भरून वर जुनें घोंगडें घालावें व तें रोज उन्हांत टाकावें. लघवी वारंवार होत असल्यामुळें रात्रीं एकदां उठून त्यास बाहेर न्यावें. मुळींच उठत नसेल तर दर तीनचार तासांनीं कूस पालटावी, नाहींतर कोपरांस चट्टे पडतात.

हालचाल: सांधे गरम व सुजलेले असतां चोळूं नये, पळवूं नये, पूर्ण विश्रांति द्यावी. ताप उतरल्यावर दोरी धरून पांचसात मिनिटें, दिवसांतून तीनचार वेळां, मऊ मातीवर सावकाश फिरवावें. पायऱ्यांच्या ठिकाणीं फळीचा उतार करावा. नखें वाढूं देऊं नयेत. वाढलेल्या नखांनीं पाऊल तिरकें पडतें.

अन्नपाणी: गोळी नेहमीं अन्नाबरोबर द्यावी. पाणी कधींही तोडूं नये. भूक मात्र खोटी असते; मागेल तितकी भाकरी घातल्यास वजन वाढून त्याच सांध्यांवर भार पडतो. भाकरी मोजून द्यावी, व मीठ-मसाल्यावांचून उकडलेलें अंडें किंवा मांस जोडीस द्यावें. कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तास अपायकारक आहेत. म्हणून घरची उरलेली आमटी घालूं नये. शिजलेलीं हाडेंही नकोत.

संरक्षण: औषध चालूं असतां कुत्र्याची प्रतिकारशक्ति कमी असते. डबकीं, पाटाचें सांचलेलें पाणी, उंदरांचीं बिळें व आजारी कुत्रीं यांपासून त्यास दूर ठेवावें. गोचीड अंगावरून काढून भागत नाहीं. ते भिंतींच्या फटींत अंडीं घालतात, म्हणून जागाही स्वच्छ करावी व पशुवैद्यानें सांगितलेलें औषध नियमानें लावावें. रेबीजची लस चुकवूं नये; ती व इतर लसी केव्हां टोंचाव्या, हें मात्र चालूं औषध सांगून विचारावें. जुन्नर-अकोले बाजूस उसांत वावरणारे बिबटे कुत्र्यांवर झडप घालतात. लंगड्या कुत्र्यास पळतां येत नाहीं, यास्तव रात्रीं त्यास दार बंद करून आंतच ठेवावें. राखणीचें काम त्या काळांत दुसऱ्यावर सोंपवावें.

नोंदवही

महसूल खात्यांत उमेद गेल्यामुळें नोंदीविषयींचा माझा आग्रह वाचकांस थोडा अधिक वाटेल. परंतु या रोगांत तिच्यावांचून चालत नाहीं. दोन आण्यांच्या वहीचें काम आहे असें पूर्वीं म्हणत. आज पोराची जुनी वहीही पुरे. रकाने असे आंखावे: तारीख, सकाळचें तापमान, आपण होऊन उठला कीं उठवावें लागलें, कोणता पाय धरला, किती खाल्लें, शौचाचा रंग, दिलेली गोळी व वेळ, आणि आठवड्यास एकदां वजन. वजनासाठीं धान्याचा कांटा चालतो: कुत्र्यास उचलून आपण उभें राहावें व मग आपलें वजन वजा करावें. मात्रा कमी केल्यावर दोन दिवस उठण्यास वेळ लागूं लागला, हें डोळ्यांस सहज कळत नाहीं, वहींत मात्र उमटतें. आणि रोग उलटत आहे हें पशुवैद्यास वेळीं समजलें, तर थोडक्यांत भागतें.

उपाय हरल्यास

सर्व कुत्रीं बरीं होतात असें नाहीं. हाड कुरतडणारा भेद असेल, किंवा औषध असह्य होऊन वेदनाही शमत नसतील, तर पशुवैद्याकडून सुखानें मरण देवविणें ही निर्दयता नव्हे. विषाची भाकरी किंवा दूर नेऊन सोडणें, हे मात्र त्यावरचे मार्ग नव्हेत. विषानें दुसरीं जनावरें व पक्षीही मरतात. परंतु हा निर्णय परीक्षा झाल्यानंतरचा आहे, पहिल्या चार दिवसांतला नव्हे. बैल लंगडला तर आपण त्याच दिवशीं दवाखान्यांत जातों. कुत्रा ताप येऊन लंगडला, तर त्यासही तेवढाच हक्क द्यावा, आणि दवाखान्याची वाट धरण्यापूर्वीं घरांतील कोणतीही गोळी त्याच्या तोंडांत घालूं नये.