संगणकाचा पडदा न उघडल्यास

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेल्या लिनक्स प्रणालीवर आमच्या कडोली भागातील जे बंधू रोजमेळ ठेवितात, त्यांच्यासाठी हे चार शब्द. यंत्र सुरू होते, परंतु नेहमीचा पडदा येत नाही. जीएसटीचे विवरणपत्र तर उद्या भरावयाचे असते. अशा समयी ‘सर्व पुसून नव्याने बसवा’ हा सल्ला मानू नये. दुकानाची फळी अडकली म्हणून वखारीतील पोती नाहीशी होत नाहीत.

प्रथम कंट्रोल, आल्ट व एफ-३ या कळा एकत्र दाबाव्यात. नाव व संकेतशब्द विचारला गेल्यास प्रणालीचा गाभा चालू आहे असे समजावे. आत शिरून ‘डीएफ -एच’ ही आज्ञा द्यावी. मुख्य विभाग १०० टक्के भरलेला दिसल्यास बहुधा तेच कारण होय. उबंटूत ‘सुडो एपीटी क्लीन’ या आज्ञेने काही जागा मोकळी होते. बिघाड नवी सुधारणा घेतल्यावर उद्भवला असल्यास, यंत्र पुन्हा सुरू होताना एस्केप, जुन्या यंत्रांत शिफ्ट, दाबून ग्रबची यादी आणावी व तीतून आधीचा कर्नल निवडावा.

हेही निष्फळ ठरल्यास पेनड्राइव्हवरील लिनक्सने यंत्र चालवावे, मात्र ते यंत्रात बसवू नये. आधी खाती दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावीत, दुरुस्ती मागाहून. यंत्र बाजारात पुन्हा मिळते, वर्षाची उधारी-वसुली मिळत नाही. म्हणून रोज दिवेलागणीस रोजमेळाची नक्कल वेगळी ठेवावी, हीच आमची विनंती.