जागतिक अग्रगण्य विद्यापीठे आणि विद्यार्थ्याची निवड : मुंबईच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मुंबईतील महाविद्यालयात पदवीच्या अंतिम वर्षाला असलेला विद्यार्थी परदेशी उच्च शिक्षणाचा विचार करू लागला की प्रथम आपल्या प्राध्यापकांकडे येतो. शिफारसपत्र त्याला हवे असतेच. परंतु त्याआधी त्याचा प्रश्न बहुधा एकच असतो : जगातील पहिल्या शंभरांपैकी कोणते विद्यापीठ आपल्याला मिळेल? हा प्रश्न या स्वरूपात तसा अलीकडचा आहे. विद्यापीठांची पहिली जागतिक क्रमवारी २००३ साली प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी विद्यार्थी विषयाचे, अध्यापकाचे किंवा शिष्यवृत्तीचे नाव घेऊन चौकशी करीत असत. क्रमवारी संस्थेचे मोजमाप करते. विद्यार्थी मात्र एका विभागात, एका मार्गदर्शकाजवळ आणि एका ग्रंथालयात शिकत असतो. हे अंतर किती मोठे आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात प्रामुख्याने मुंबईतील काही उदाहरणांच्या आधारे केले आहे.

क्रमवारीत काय मोजले जाते?

२००३ ची पहिली यादी शांघाय जिआओ टोंग विद्यापीठाने तयार केली. चिनी विद्यापीठे जागतिक दर्जापासून किती दूर आहेत हे जाणून घेणे, हा तिचा मूळ हेतू होता. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याला मार्गदर्शन करणे हा तिचा उद्देशच नव्हता. तिचे निकष पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. नोबेल पारितोषिक किंवा फील्ड्स पदक मिळविलेल्या माजी विद्यार्थ्यांना १० टक्के, अशाच अध्यापकांना २० टक्के, ज्यांच्या लेखनाचे संदर्भ विपुल प्रमाणात दिले जातात अशा संशोधकांना २० टक्के, ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ या नियतकालिकांतील लेखांना २० टक्के, निर्देशांकित शोधनिबंधांना २० टक्के आणि दरडोई कामगिरीला १० टक्के भार दिला जातो. वर्गातील अध्यापनाचे प्रत्यक्ष मोजमाप यात कोठेही नाही.

२००४ मध्ये टाइम्स हायर एज्युकेशन आणि क्यूएस यांची संयुक्त यादी आली. २०१० पासून दोघांच्या याद्या स्वतंत्र झाल्या. क्यूएसच्या यादीत विद्वानांच्या मतचाचणीवर आधारलेल्या प्रतिष्ठेला दीर्घकाळ ४० टक्के भार होता. २०२४ च्या आवृत्तीपासून तो ३० टक्के करण्यात आला आणि काही नवे निकष आले. अशा फेरबदलानंतर एखादे विद्यापीठ दहा-वीस स्थानांनी वर किंवा खाली गेले, तर त्याच्या ग्रंथालयात अथवा प्रयोगशाळेत एका वर्षात काही घडलेच असेल असे नाही.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सामाजिक शास्त्रांतील तिचे स्थान वादातीत आहे. क्यूएसच्या यादीत ती पहिल्या शंभरात येते. शांघायच्या यादीत मात्र ती पहिल्या शंभरात दिसत नाही. विशेष म्हणजे शांघायची यादी करणारे अशा सामाजिक शास्त्रांच्या संस्थांसाठी ‘नेचर’ आणि ‘सायन्स’चा निकष वगळून त्याचा भार इतर निकषांवर वाटून देतात. एवढी सवलत देऊनही हा परिणाम दिसतो. मापच वेगळ्या वस्तूसाठी घडविलेले असेल, तर ते थोडे वाकवून भागत नाही.

परळ ते न्यूयॉर्क आणि लंडन

याच संस्थेत शिकलेल्या मुंबईकर विद्यार्थ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव अग्रभागी आहे. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहणारे आंबेडकर एल्फिन्स्टन महाविद्यालयातून अर्थशास्त्र व राज्यशास्त्र हे विषय घेऊन पदवीधर झाले आणि जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांसाठी होती आणि त्या बदल्यात दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार होता.

कोलंबियात त्यांना काय मिळाले? १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ तत्कालीन लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुख्यत्वे परीक्षा घेणारे होते. अभ्यासक्रम ठरलेला, पुस्तके ठरलेली. कोलंबियात आंबेडकरांनी अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ अभ्यासक्रम घेतले. शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र, एवढेच नव्हे तर प्राथमिक फ्रेंच आणि जर्मनसुद्धा. सार्वजनिक वित्ताचे अभ्यासक एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञ जॉन ड्यूई, इतिहासकार जेम्स रॉबिन्सन यांच्यासारखे अध्यापक तेथे होते. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरील निबंध वाचला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला जातीचा अभ्यास दुसऱ्या विभागात जाऊन करता आला, ही सोय मोलाची होती. विभागांमधील असा मोकळेपणा कोणत्याही क्रमवारीच्या निकषांत सापडत नाही.

१९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडनला गेले. १८९५ साली स्थापन झालेली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स त्या वेळी अवघी २१ वर्षांची होती. परंतु तेथे एडविन कॅनन होते, आणि भारतीय चलन व वित्तव्यवहाराची मूळ कागदपत्रे लंडनच्या इंडिया ऑफिसात होती. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. तथापि चार वर्षांच्या आत अभ्यास पुन्हा सुरू करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाने दिली. ही सवलत नसती तर पुढचे काहीच घडले नसते. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून केलेली बचत, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये लंडनला परतले. १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी. एस्सी. या पदव्या त्यांना मिळाल्या. त्या प्रबंधाच्या ग्रंथाला कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तीत काही मुद्द्यांवरचा आपला मतभेदही नोंदविला. शिष्याशी असहमत राहून त्याचे काम पुढे आणणारा मार्गदर्शक लाभणे, हा निवडीचा खरा निकष म्हणावा लागेल.

मार्गदर्शकाचा शोध

गो. स. घुर्ये यांचा प्रवास या दृष्टीने अधिकच उद्बोधक आहे. मालवणचे घुर्ये हे एल्फिन्स्टन महाविद्यालयातील संस्कृतचे विद्यार्थी. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू करणारे पॅट्रिक गेडिस यांच्यापुढे त्यांनी नागरी केंद्र म्हणून मुंबईचा विचार करणारा निबंध सादर केला आणि त्यातून त्यांना परदेशी शिक्षणाची संधी मिळाली. शिफारसपत्राचा पाया कसा असावा, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच आढळेल : गेडिस यांच्यासमोर विद्यार्थ्याचे स्वतःचे, स्वतःच्या शहरावरचे लेखन होते. आज अनेक शिफारसपत्रांत केवळ विशेषणे असतात.

घुर्ये प्रथम लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हॉबहाउस यांच्याकडे गेले. परंतु तेथे न रमता केंब्रिजला रिव्हर्स यांच्याकडे गेले. रिव्हर्स यांचे १९२२ मध्ये निधन झाल्यावर हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी काम पूर्ण केले. १९२४ मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. आंबेडकरांना जी संस्था मानवली ती घुर्ये यांना मानवली नाही. यात संस्थेचा दोष नव्हता आणि विद्यार्थ्याचाही नव्हता.

गिरगावच्या चाळीत वाढलेले रघुनाथ माशेलकर यांचे उदाहरण याच्या उलट दिशेचे आहे. त्यांनी १९६९ मध्ये पीएच. डी. केली ती माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत, मनमोहन शर्मा यांच्या हाताखाली. शर्मा स्वतः केंब्रिजला डँकवर्ट्स यांच्याकडे काम करून आलेले होते. त्यानंतर माशेलकर ज्या सॅल्फर्ड विद्यापीठात गेले, त्याला विद्यापीठाचा दर्जा १९६७ मध्ये नुकताच मिळालेला होता. पुढे १९९८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. केंब्रिजची विद्या माटुंग्यात मिळू शकते, हे मुंबईच्या विद्यार्थ्याला सांगण्यास प्राध्यापकांनी संकोच बाळगू नये.

‘अग्रगण्य’ हे विशेषण कोणासाठी, हाही प्रश्न आहे. मुंबईच्या रखमाबाई १८८९ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या त्या लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयात. स्त्रियांना पदव्या देण्यास ऑक्सफर्डने १९२० मध्ये आणि केंब्रिजने १९४८ मध्ये सुरुवात केली. कीर्तिमान विद्यापीठे त्या काळी त्यांच्या उपयोगाची नव्हती.

शिष्यवृत्ती आणि क्रमवारी

क्रमवारीचा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहिलेला नाही, कारण ती आता शिष्यवृत्त्यांच्या नियमांत आली आहे. महाराष्ट्र शासनाने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २००३ साली सुरू केलेल्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत क्यूएसच्या यादीतील स्थानाची मर्यादा घालण्यात आली. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतही पहिल्या ५०० संस्थांची अट आली. ज्या विद्यार्थ्याजवळ दुसरे साधन नाही, त्याच्यासाठी ही यादी सल्ला नसून फाटक आहे. त्याला अनुकूल असा विभाग यादीबाहेरच्या विद्यापीठात असेल, तर मार्गदर्शक मिळूनही तो तेथे जाऊ शकत नाही.

याहून गंभीर बाब विषयांची आहे. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अध्ययन हे विषय वगळण्यात आले. आंबेडकरांनी १९१५ मध्ये कोलंबियात एम. ए.साठी लिहिलेला प्रबंध प्राचीन भारतातील व्यापारावर होता, १९१६ चा निबंध जातिसंस्थेवर होता. घुर्ये यांचा तर सारा अभ्यासच जात आणि वंश यांभोवती फिरणारा होता. या नियमाखाली हे विषय अपात्र ठरले असते. म्हणून अर्जाची तयारी करून घेणाऱ्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यापुढे विद्यापीठांची यादी ठेवण्यापूर्वी त्या वर्षीच्या शिष्यवृत्तीची मूळ नियमावली ठेवणे आवश्यक आहे. तीत विषय बसत नसेल, तर परदेशी विभागाचा स्वतःचा निधी, अध्यापन-साहाय्यकाची जागा किंवा खाजगी न्यासांची मदत यांचा शोध प्रवेशाच्या मुदतीपूर्वी किमान एक वर्ष आधी सुरू करावा लागतो.