उत्सर्ग, अपवाद आणि प्लगइनचे कॉन्फिगरेशन

प्रकल्पाच्या मूळ संहितेचे संकलन करणे, तिच्या चाचण्या घेणे आणि तयार प्रणाली बांधून देणे ही कामे ज्या साधनाकडे सोपविलेली असतात, त्यास बिल्ड टूल म्हणतात. साधनाचा गाभा लहान असतो. प्रत्यक्ष काम त्यास जोडलेली प्लगइन्स करतात. कोणत्या प्लगइनने काय करावे हे सांगणारी कॉन्फिगरेशन फाइल वरवर पाहता एक यादी वाटते; वस्तुतः ती एक लहानसे व्याकरणच होय.

असे व्याकरण एकदा प्रचारात आले की ते सुधारणे कठीण जाते. १९७६ साली बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे साधन रचले, तेव्हा आज्ञेच्या ओळीचा आरंभ टॅबने व्हावा असा नियम ठेवला. तो गैरसोयीचा असल्याचे लवकरच त्यांच्या ध्यानी आले; परंतु तोवर डझनभर लोक साधन वापरू लागले होते. त्यांची अडचण नको म्हणून टॅब राहिला, आणि पुढील लाखो वापरकर्त्यांच्या माथी बसला.

‘मेव्हन’ या साधनाची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ साली आली. त्याची भूमिका पाणिनीय परंपरेच्या अभ्यासकास परिचित वाटेल. संहिता कोठे असावी, चाचण्या केव्हा चालाव्यात हे सारे उत्सर्गरूपाने आधीच ठरलेले असते; प्रकल्पाच्या फाइलीत केवळ अपवाद नोंदवायचा. यास्तव प्लगइन रचणाऱ्याचे पहिले कर्तव्य म्हणजे प्रत्येक घटकास विचारपूर्वक मूलमूल्य देणे. ज्या प्लगइनला दहा ओळी लिहिल्यावाचून चालताच येत नाही, त्याच्या कर्त्याने विचार वापरकर्त्यावर ढकलला असे म्हणावे लागते.

खरी अडचण नियमांच्या संघर्षात उद्भवते. समबल नियम एकत्र आले असता नंतरचा प्रवर्तावा, अशी व्यवस्था अष्टाध्यायीत (१.४.२) आहे. मेव्हनमध्ये मात्र नंतर दिलेली आज्ञा नेहमीच बलवान ठरत नाही. प्लगइनच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘स्किपटेस्ट्स’ हे मूल्य थेट लिहिले असेल, तर आज्ञावलीतून दिलेले विरुद्ध मूल्य निष्फळ होते. तेच मूल्य प्रकल्पाच्या ‘प्रॉपर्टीज’ विभागात ठेवले तर आज्ञावली त्यावर मात करते. हा भेद न जाणणारा विद्यार्थी चाचण्या चालल्या अशा समजुतीत राहतो, आणि त्या चाललेल्याच नसतात.

देवनागरी मजकुराच्या प्रकल्पांत मूलमूल्याचा प्रश्न अधिकच जाचक होतो. जावाच्या १८व्या आवृत्तीपूर्वी (२०२२) फाइलीची अक्षरसांकेतिकी न सांगितल्यास ती यंत्रागणिक ठरे. एका यंत्रावर शुद्ध दिसणारी शब्दसूची दुसऱ्यावर बांधताच निरर्थक चिन्हांची रांग होई. येथे एक ओळ पुरेशी असे. पण ती लिहावयाची असते, हे प्रथम ठाऊक असावे लागे.

नावांविषयीही तसेच. मेव्हन दीर्घकाळ चुकीच्या वर्णविन्यासाचे नाव मुकाट्याने सोडून देई, ३.९ या आवृत्तीपासून (२०२३) ते इशारा देऊ लागले. नाव बदलताना तर अधिक दक्षता हवी. इस्लामपूर हे ज्या तालुक्याचे मुख्यालय, त्याचे नाव वाळवा. आणि २०२५ साली राज्य शासनाने गावाचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय घेतला. म्हणून जुन्या नावाच्या पत्त्याने टाकलेली पत्रे टपालवाल्याने परत पाठवावीत असे कोणी म्हणणार नाही. मेव्हनच्या प्लगइनमध्ये घटकास पर्यायी नाव देण्याची सोय याचसाठी आहे: जुने नाव स्वीकारावे, ते कालबाह्य झाल्याचा इशारा द्यावा, आणि ते काढून टाकणे पुढील मोठ्या आवृत्तीपर्यंत लांबणीवर टाकावे.