सजीवांची लक्षणे
सजीवांना निर्जीवांपासून वेगळे ओळखण्यास उपयोगी पडणारे गुणधर्म. कोशिकामय (पेशीमय) शरीररचना, चयापचय, वाढ, हालचाल, संवेदनक्षमता व प्रजोत्पादन ही प्रमुख लक्षणे होत. चयापचय म्हणजे कोशिकांत सतत चालणाऱ्या रासायनिक घडामोडी. त्यांद्वारे अन्नापासून ऊर्जा मिळते, शरीरघटक तयार होतात व टाकाऊ द्रव्ये वेगळी होतात.

यांपैकी कोणतेही एक लक्षण स्वतंत्रपणे निर्णायक ठरत नाही. तुरटीचा स्फटिक संतृप्त विद्रावात वाढतो, परंतु ती वाढ पृष्ठभागावर थर साचल्याने होते. सजीव मात्र बाहेरील द्रव्याचे स्वतःच्या घटकांत रूपांतर करून आतून वाढतो. उलट, खेचर बहुधा वंध्य असूनही सजीवच असते.

सुप्तावस्थेत बहुतेक लक्षणे दिसेनाशी होतात. आंतॉन व्हान लेव्हेनहूक यांनी १७०२ मध्ये छपराच्या पन्हळीतील वाळलेल्या गाळात पाणी घातले, तेव्हा त्यातील सूक्ष्म प्राणी पुन्हा हालू लागले. इझ्राएलमधील मसाडा येथे सापडलेले सुमारे २,००० वर्षांपूर्वीचे खजुराचे बी २००५ मध्ये रुजले. अशा अवस्थेत चयापचय जवळजवळ थांबला, तरी कोशिकांची संघटना टिकून राहते.

व्हायरस या सीमेवर आहेत. डब्ल्यू. एम. स्टॅन्ली यांनी १९३५ मध्ये तंबाखूच्या मोझेइक रोगाचा व्हायरस स्फटिकरूपात मिळविला. त्याला स्वतःचा चयापचय नसतो; तथापि जिवंत पानाच्या कोशिकेत शिरताच त्याचे गुणन सुरू होते. त्यामुळे सजीवत्व ठरविताना सर्व लक्षणांचा एकत्रित विचार करावा लागतो.